उजवीकडची बैठक

वासिल ह्रिंको पत्र्याला हातोडी लावण्याआधी त्यावरून तळहात फिरवायचे. ठोकताना डोळे मिटायचे. पाव सुरीने कधी कापला नाही, हातानेच तोडायचे. कुणी प्रवासाला निघालं, की त्याला आधी क्षणभर खाली बसवायचे. न बसता निघालेला परतत नाही, असं युरोपात कार्पेथियन डोंगरांतल्या त्यांच्या गावी मानतात.

पेनसिल्व्हेनियातला आमचा मोटार कारखाना १९४०च्या उन्हाळ्यात जवळजवळ बंद पडला होता. साहित्याची पदवी घेऊन मी तिथे आराखडे गिरवत होतो. मग लष्कराने कुठेही चढेल अशी हलकी गाडी मागितली. ती ठरल्या वेळेत छावणीत पोचली तरच पुढचं काम. नाहीतर गावातल्या चुली थंड.

साचे करायला सवड नव्हती. गाडीतल्या बैठकींचे पत्रे वासिलकाका हातानेच ठोकत.

उजव्या बैठकीत रोज सकाळी पोचा दिसायचा. कुणी बसून उठल्यासारखा. ते सरळ करत. दुसऱ्या दिवशी परत तोच.

"तुम्हीच डुलक्या काढता त्यात, म्हातारबुवा," चालक क्लेम म्हणायचा.

सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला, त्या आठवड्यात काकांचा मुलगा आंद्री डबा घेऊन आला. गंमत म्हणून त्या बैठकीत बसला. पोचा त्याच्याच मापाचा होता.

काकांची हातोडी खाली पडली. "ऊठ, आंद्र्या! ऊठ म्हणतो ना!"

गाडी निघायच्या सकाळी ते क्लेमला म्हणाले, "मला उजवीकडे बसू दे. मी आधी बसलो, की जागा भरली, पोराला बसायला नको. जेवढ्या गाड्या होतील, तेवढ्यांत आधी मीच बसणार."

"आज वजन नको, काका. आधीच उशीर झालाय. घरी जा, सूप प्या."

"मग निघण्याआधी टेक तरी जरा."

क्लेम टेकला नाही. काका एकटेच खोक्यावर बसले, डोळे मिटून.

गाडी फाटकातून वळली. आत डावीकडे क्लेम, दुसरं कुणी नाही. तरी ती उजवीकडे कलली होती.

"काका, गेली गाडी," म्हणत मी त्यांचा हात धरला. तो गार होता.

गाडी वेळेत पोचली. क्लेम परतला तेव्हा त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो हसत म्हणाला, "तिथला पहारेकरी विचारत होता, तुझ्या शेजारचा म्हातारा कुठे उतरला?"



आता आणखी गाड्यांची मागणी आली आहे. दुसऱ्या गाडीच्या उजव्या बैठकीचा पत्रा काकांच्या ठोकळ्यावर तसाच पडून आहे. एक कड वळवलेली, बाकीच्या सरळ. आज सकाळी मी त्यावरून तळहात फिरवला.

मधोमध पोचा आहे.