बारा रंगांची उजळणी

रोज सकाळी कामावर निघण्याआधी मास्तर खिडकीपाशी पांढरा कागद पसरायचे, त्यावर फायबरच्या तारांचे बारा रंगीत तुकडे ओळीने मांडायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी..." शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. केसाएवढ्या काचेच्या तारा जोडणाऱ्या या माणसाला हाताखालचे लोक मास्तर म्हणत, इतकंच.

भांडी विसळता विसळता बायको आतून टोमणा मारायची, "पोरांचे वाढदिवस नाही कधी एवढे पाठ केलेत!"

"अगं, वाढदिवस चुकला तर पोरं रुसतात. रंग चुकला तर दोन इमारतींची बोलचाल बंद होते."

एकदा मास्तर तुकडे मांडून अंघोळीला गेले आणि झाडताना तिचा धक्का लागून तुकडे खाली पडले. तिने ते हाताला येतील तसे कागदावर ठेवले. मास्तर आले, बसले आणि नेहमीच्याच क्रमाने बारा रंग म्हणून मोकळे झाले. निळ्याच्या जागी करडा होता. कुठेही अडखळले नाहीत.

ती दारातून ऐकत होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तापाने आठवडाभर घरी राहावं लागलं तेव्हा हा माणूस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा कसा वावरला, ते तिने पाहिलं होतं. काम गेलं तर? तिने तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते अंघोळीला गेले की तीच तुकडे बरोबर क्रमाने मांडून ठेवू लागली. मास्तरांना वाटलं, हौस आली हिला.

मग हॉस्पिटलच्या दोन इमारती जोडायचं काम आलं. तारेत प्रकाश थोडा गळतोच. किती गळतो ते दोन्ही टोकांकडून मोजायचं, हा मास्तरांचाच नियम. त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि गुडघे सुजलेले. नव्या इमारतीचा चौथा मजला पुन्हा चढायचा त्यांनी कंटाळा केला. "इकडून बरोबर आलंय, तिकडून काय वेगळं येणार?"

वेगळंच आलं असतं. नव्या इमारतीत तारा जोडायच्या पेटीत टोकाला पिवळ्या वेष्टनाची, बारीक गाभ्याची तार हवी होती. त्यांनी नारिंगी, रुंद गाभ्याची जोडली होती. बारीक तारेतून रुंद तारेत प्रकाश बिनबोभाट शिरतो. उलट जाताना जवळजवळ सगळा सांडतो. मोजलं होतं ते फक्त सोप्या दिशेने, जुन्या इमारतीकडून नवीकडे. दोन दिवस नव्या इमारतीतल्या रुग्णांचे स्कॅन डॉक्टरांपर्यंत पोचलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी एका तरुण इंजिनियर मुलीने पेटी उघडली. "काका, ही नारिंगी आहे."

"पिवळी आहे गं ती."

मुलीने तार हळूच उजेडाकडे वळवली. मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नक्की?"

कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्यांना गोदामात खुर्ची दिली, तीच जास्त लागली. महिन्याभरात त्यांनी स्वतःच काम सोडलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "वर्षभर आधी आला असतात तर काही करता आलं असतं." परतीच्या वाटेवर मास्तर एवढंच बोलले, "मला कळलंच नाही गं. रोज तर बरोबर येत होतं."

ती त्यांचा हात धरून चालत राहिली.

पुढे कित्येक महिने ते वाक्य तिला घास गिळू देईना. सांगायला जायची आणि पाण्याचा पेला ठेवून परत यायची. शेवटी मास्तरांनी अंथरूण धरल्यावर एका दुपारी मन घट्ट करून त्यांच्या उशाशी बसली. "अहो, एक सांगायचंय. रागवा हवं तर, पण ऐका." त्यांनी डोळे न उघडताच काहीतरी सांगितलं, म्हणून ती उठून भिंतीपाशी गेली. परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पोरं आली, रडली, मग विचारू लागली, "बाबा शेवटचं काय म्हणाले?"

तिने पदराने तोंड पुसलं. "म्हणाले, पंखा जरा कमी कर, मग सांग काय ते."