मिनरल पावडरचा डबा उघडला की…

पार्लरच्या खुर्चीत बाई डोळे मिटून बसली की पाच मिनिटांत बोलायला लागते. समोरच्याचं तोंड दिसत नसलं की माणसाला संकोच राहत नाही, असं माझं मत. त्यात आम्ही चेहऱ्यावर हात फिरवत असतो. मग काय, सासूपासून संधिवातापर्यंत सगळं निघतं! जळगावात मी आणि माझी मैत्रीण रजनी मिळून पार्लर चालवतो. रजनी धुळ्याची, मी चाळीसगावची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघी कूलरसमोर बसून जुने किस्से काढतो आणि आपल्याशीच खिदळतो. त्यातले निम्मे मिनरल पावडरचे, म्हणजे फाउंडेशनऐवजी लावायच्या पावडरचे आहेत. काही तुम्हाला सांगते.

*

पावडरचा पहिला डबा आला त्याच दिवशी भडगावच्या सुमनमावशी सुनेला घेऊन आल्या होत्या. सुनेच्या भावाचं लग्न होतं. मावशी स्वतः काही करून घेणार नव्हत्या. "मी फक्त देखाले उनू," असं दारातच सांगून त्या स्टुलावर बसल्या.

मी डबा उघडला. आत भुरभुरीत, गव्हाच्या पिठाच्या रंगाची पावडर. मावशींनी मान पुढे काढली.

"हाई काय शे?"

"मावशी, ही खनिजांची पावडर. जस्त, लोखंड, अभ्रक असं जमिनीतलं सगळं अगदी बारीक करून बनवतात. तेल नाही, वास नाही."

"म्हंजे माटीच ना?"

आता नाही कसं म्हणणार? "हो, तसंच समजा."

मावशींनी कपाळाला हात लावला. "आमनी गिरणा नदीमां बठ्ठी हाईच माटी शे! वावरमाईन येस तवय मी ती रोज तोंडवरनी धुई टाकस!"

सून इतक्या जोरात हसली, की तिच्यासमोर धरलेल्या झाकणातली पावडर उडाली आणि थेट मावशींच्या नाकावर जाऊन बसली. मावशींनी आरशात पाहिलं. पुसायला रुमाल काढला, पण पुसलं नाही. नाक डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं.

मग हळूच म्हणाल्या, "गालले बी थोडी लाव मंग. नाक एकलं बरं नही दिखत."

*

एकदा ऐन मे महिन्यात एक तरुण दारात येऊन उभा राहिला. तोंडाला रुमाल. मला वाटलं उन्हामुळे असेल.

"भाऊ, जेंट्स सलून खाली आहे."

"माहितीये ताई. तिथं माझे सगळे मित्र बसलेत."

आत आला, रुमाल काढला. नाव पंकज. जळगावचाच, चाळीसगावला बँकेत होता, आठवड्यावर लग्न होतं, तेही धुळ्याला, भर दुपारी. त्याला गोरं व्हायचं नव्हतं, हिरो व्हायचं नव्हतं. त्याची अडचण वेगळीच होती.

"ताई, तोंड चमकायला नको, एवढंच. साखरपुड्याच्या फोटोत माझ्या कपाळात आमचे काका दिसतात!"

फोटो दाखवला. खरंच दिसत होते.

कातडी भयंकर तेलकट. अशा त्वचेला मिनरल पावडर फार मानवते, कारण ती तेल धरून ठेवते. मी त्याला आरशासमोर बसवून शिकवलं. तोंड धुवायचं, जेलवालं हलकं मॉइश्चरायझर लावायचं, ते मुरू द्यायचं. झाकणात चिमूटभर पावडर घ्यायची, दाट केसांचा ब्रश त्यात फिरवायचा, जास्तीची झटकायची आणि चेहऱ्यावर गोल गोल घासत बसवायची. थापायची नाही. वरून टिकायला बिनरंगाची फिनिशिंग पावडर. त्याने सगळं मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलं. बिनरंगाच्या पावडरचा छोटा डबा आणि एक छोटा ब्रशही घेतला.

लग्नाला रजनी गेली होती, पंकजच्या बहिणीचा मेकअप तिच्याकडे होता. तिनेच पुढचं सांगितलं. मंगलाष्टकं झाली आणि हॉलची लाइट गेली. कूलर बंद. नवरीला तिकडच्या कुणीतरी जाड लिक्विड फाउंडेशन लावलेलं, ते घामाने ओघळायला लागलं. बिचारी रडकुंडीला आली. पुसावं तर पट्टे पडणार, न पुसावं तर हनुवटीवरून थेंब शालूवर!

पंकजने शेरवानीच्या खिशात हात घातला. टिश्यू काढला, न घासता नुसता दाबून तिचा घाम टिपला. मग छोटा डबा, छोटा ब्रश. झटकला, आणि होमासमोर बसल्या बसल्या तिच्या कपाळावर, नाकावर गोल गोल फिरवायला लागला! पाहुणे माना उंच करून बघायला लागले. नवरीच्या मामींना राहवेना. त्यांनी भटजींना विचारलं, "गुरुजी, हा कोणता विधी?"

गुरुजी घामाने निथळत होते. वर न बघता म्हणाले, "चालू द्या. त्यांचं झालं की इकडे द्या म्हणावं!"

*

प्रणालीची आई मात्र आमच्याशी वादच घालायला आली होती.

प्रणालीची पोलिस भरतीत निवड झाली होती. चाळीसगावजवळच्या त्यांच्या गावात सत्कार होता. स्टेज, बँड, बॅनर, सगळं. मुलगी उंच, तरतरीत, मैदानावर पळून पळून सावळी झालेली. नाही, चुकलं, ती मुळातच सावळी होती आणि फार छान दिसत होती.

आई म्हणाली, "दोन शेड उजळ लावा. बॅनरवरच्या फोटोत गोरी केलीय त्यांनी. आता समोर काळी दिसली तर?"

मी समजावलं. सावळ्या रंगावर फिकट मिनरल पावडर राखेसारखी दिसते. त्यातल्या जस्तामुळे कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की आणखी पांढरं होतं. रंग जबड्याच्या कडेला लावून उजेडात बघायचा असतो. आई ऐकेना. प्रणाली माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, "लावा ताई. तिचं समाधान होऊ दे."

रजनीने लावलं. बाहेर जीपमध्ये प्रणालीचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणायचे, फेटा बांधून वाट बघत होते. नात जीपजवळ गेली. आबांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सुनेला विचारलं,

"हाई कोनी पोर शे? मनी नात कथी गयी? सत्कार तिना शे, बलाव तिले!"

आईचा चेहरा पडला. प्रणाली परत आत आली, मागोमाग आई. प्रणालीने बेसिनवर तोंड धुतलं. मी तिला पार्लरच्या दारात, उजेडात उभं केलं. जबड्यावर तीन रंगांच्या तीन रेघा ओढल्या. दोन दिसत राहिल्या, तिसरी गायब झाली. "ही तुझी," मी म्हटलं.

या वेळी आबांनी काही विचारलं नाही. नुसतं सरकून जागा करून दिली.

पण आई जीपमध्ये चढेना. पार्लरच्या दारातच चप्पल घालता घालता थांबली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, एक रेघ मला ओढून बघता का? मी लग्नापासून ती पांढरीच पावडर लावतेय. मला कोणी सांगितलंच नाही."

*

कोमल कॉलेजला जायची. चेहराभर पिंपल्स, आणि कातडी अशी नाजूक की पाण्यानेसुद्धा लाल व्हावी. स्कूटीवरून यायची ती डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळून. एप्रिलमध्ये जळगावातल्या सगळ्याच मुली तसं बांधतात. पण ही आत येऊनही सोडायची नाही.

"ताई, मला उन्हाळा फार आवडतो," एकदा म्हणाली. जळगावात राहून असं म्हणणारी ही पहिलीच!

"का गं?"

"सगळ्यांचीच तोंडं झाकलेली असतात ना."

मी हळूच तिच्या स्कार्फची गाठ सोडली.

आम्ही तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. पिंपल्सवर पावडर हा काही इलाज नव्हे. औषध सुरू झालं आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मग पावडर काढली. तीही जपून. बिस्मथ नावाचा एक घटक काही पावडरींमध्ये असतो, चकाकीसाठी. नाजूक त्वचेला त्याने खाज सुटते. तो नसलेली पावडर शोधली, आधी कानामागे लावून दोन दिवस वाट पाहिली. काही झालं नाही. मग एकच पातळ हात. डाग पूर्ण गेले नाहीत, नुसते मऊ झाले. ब्रश रोजच्या रोज धुवायचा, कुणाला द्यायचा नाही, अशी ताकीद दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. आवाज रडवेला.

"ताई, प्रॉब्लेम झालाय. तोंडाची आग होतेय!"

"खाज आली? पुरळ आलं?"

"नाही हो. आज स्कार्फ न बांधताच गेले कॉलेजला. भाजलं!"

*

लीलाकाकू आमच्या पार्लरच्या मागच्या गल्लीत राहतात. सत्तरीच्या पुढच्या. कधीच पार्लरला न आलेल्या. एका संध्याकाळी आल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर उघडशील का?"

"कुणाचं लग्न आहे काकू?"

"लग्न कसलं! आमच्या नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आज. उद्या पट्टी काढणार."

नाना म्हणजे त्यांचे यजमान. मला संबंध कळेना. काकूंनी पदराची कड मुठीत धरली.

"फार दिवस त्यांना धड दिसत नव्हतं गं. मधे माझं तोंड असं झालं. एकदम बघतील ना! मेकअप केलाय असं वाटता कामा नये. पण जरा… सावकाश कळू दे त्यांना."

सकाळी आम्ही दोघी हजर. काकूंची त्वचा कोरडी, बारीक सुरकुत्यांची. अशा त्वचेवर पावडर जास्त झाली की ती रेघांमध्ये जाऊन बसते आणि अभ्रकाची चकाकी तर प्रत्येक सुरकुती मोजून दाखवते. म्हणून भरपूर मॉइश्चरायझर लावलं आणि ते मुरेपर्यंत चहा घेतला. मग चकाकी नसलेली पावडर, ती पण फक्त नाकाशी आणि गालावरच्या वांगावर. ब्रश किंचित ओला करून, दाबत दाबत. काकू आरशात बघून म्हणाल्या, "मीच आहे. पण झोप झालेली!"

संध्याकाळी त्या पेढे घेऊन आल्या. आम्ही दोघींनी एकदमच विचारलं, "काय म्हणाले नाना?"

"घरी आलो. काळा चष्मा काढला. माझ्या खांद्यावरून मागे बघत बसले. म्हणाले, 'लीला, भिंतीला रंग द्यायला झालाय!'"

रजनी हताश होऊन खुर्चीत बसली. "आणि तुमच्याकडे?"

"मग बघितलं. बराच वेळ. म्हणाले, 'तू मात्र आहे तशीच आहेस.'"

"अय्या! मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, आधी डोळ्यांत थेंब टाकून घ्या!"

*

अश्विनीचं लग्न धुळ्याला होतं. हॉलमधल्या नवरीच्या खोलीत आम्ही तिघीच, ती, मी आणि रजनी. अश्विनीच्या हनुवटीवर आणि गळ्यावर पांढरे डाग होते. कोड. नवऱ्या मुलाला तिने पहिल्याच भेटीत दाखवले होते. तो म्हणाला होता, मला काही अडचण नाही. पण घरी त्याने सांगितलं नव्हतं, धीरच झाला नव्हता. त्यामुळे ती सकाळपासून थंडगार पडली होती. "ताई, घाम आला आणि उतरलं तर?" हे तिने किती वेळा विचारलं असेल!

मी दोन रंग मिसळून तिचा रंग तयार केला होता. आधी क्रीमचा पातळ थर, वर पावडर दाबून, पुन्हा पावडर. हनुवटी झाली होती. गळा राहिला होता, आणि पदर खांद्यावरून खाली घेतलेला होता. तेवढ्यात दार उघडलं.

नवऱ्या मुलाची आजी. घरातले, गावातले सगळे त्यांना अक्का म्हणत. त्या घरात अक्कांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही, हे आम्हाला हॉलवर आल्या आल्याच कळलं होतं. नवरीला दागिना घालायला म्हणून आल्या होत्या. रजनी पुढे झाली, पण उशीर झाला होता. अक्कांची नजर गळ्यावर थांबली होती.

अश्विनीने पदर ओढला.

अक्का रजनीला म्हणाल्या, "दार लाई ले."

रजनीने कडी लावली. अक्का अश्विनीच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"हाई कवयपाशी शे?"

"बारावीत असल्यापासून."

"पोऱ्याले माहित शे?"

"हो. मी सांगितलंय त्यांना."

"आनी बाकीनास्ले?"

अश्विनीने मान खाली घातली. नुकत्याच झालेल्या हनुवटीवरून पाणी ओघळलं. मी टिश्यू पुढे केला, पण तो घ्यायचंही तिला सुचेना.

अक्कांनी दागिन्याची डबी टेबलावर ठेवली. त्यांचं पोलकं लांब बाह्यांचं होतं, मनगटापर्यंत. त्यांनी एकेक करून बांगड्या काढल्या. मग बाही हळूहळू कोपरापर्यंत वर सरकवली आणि हात आरशासमोरच्या दिव्याखाली, माझ्यापुढे धरला. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे डाग होते.

"देख बरं माय," अक्का म्हणाल्या, "मनासाठे कोन्ता रंग लागी?"

मी ब्रश उचलला. पण अश्विनीने तो माझ्या हातातून घेतला. झाकणातल्या पावडरीत फिरवला, झटकला, आणि मेंदीच्या हाताने अक्कांचं मनगट धरलं.

बाहेरून कोणीतरी दार बडवलं. "नवरी तयार व्हयनी का? मुहूर्त टळी जाई!"

अक्कांनी मानही वळवली नाही. तिथूनच ओरडल्या,

"थांबा जराखा! आम्ही दोन्हीजनी तयार व्हई ऱ्हायनूत!"