माझे साडू आणि बावड्यातली कावीळ

कसबा बावड्यात एखादी गोष्ट घडली आणि माझ्या साडूंनी ती दोनदा सांगितली नाही, तर ती घडलीच नाही असं खुशाल समजावं. दोनदा, कारण उभी नोकरी त्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, लाउडस्पीकरवरून उसाच्या गाड्यांचे नंबर पुकारण्यात घालवली. एकदा सांगून गाडीवान हलत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिलं, मुलीनं पुण्याहून मायक्रोफोन पाठवला, आणि तिथून आमच्या कानांचे भोग सुरू झाले. ‘बावड्याचा कानोसा’ हा त्यांचा पॉडकास्ट रोज सकाळी मोबाइलवर येतो. स्वयंपाकघरामागच्या खोलीत चारही भिंतींना वाकळा टांगून ते रेकॉर्डिंग करतात, तरी कुकरची शिट्टी आत शिरतेच. मग बातमी थांबवून ते गंभीरपणे सांगतात, “आमच्या घरात डाळ शिजतीया, आमच्या घरात डाळ शिजतीया,” आणि पुढं चालू. सुरुवातीला श्रोते आम्ही पाचजण होतो. त्यातला मी नात्यानं बांधलेला.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला बावड्यात काविळीची साथ आली आणि साडूंना जणू दुसरी नोकरीच लागली. आजाऱ्यांविषयी त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. फक्त वाईट वाटताना चेहऱ्यावरचा उत्साह लपत नव्हता. रंगाच्या दुकानातून त्यांनी पिवळ्या छटांचं कार्ड पैदा केलं आणि घरोघर जाऊन “जरा डोळं वर करा बघू” म्हणत ते आजाऱ्यांच्या डोळ्यांशी ताडून पाहू लागले. “शेवटच्या गल्लीतले मास्तर काल लिंबावर होते, आज हळदीवर गेले,” अशी बातमी सकाळी आली की दुपारपर्यंत मास्तरांच्या दारात भेटायला येणाऱ्यांची रीघ. काविळीपेक्षा चहा देण्यानंच अशक्तपणा आला, असं मास्तर म्हणाल्याचं ऐकतो. साडूंनी डॉक्टरांनाही गाठलं. “पाणी उकळून प्या,” एवढंच डॉक्टर बोलले. साडूंना ते फारच फिकं वाटलं. “पावणं,” ते मला म्हणाले, “ह्यात बातमी कुठं हाय?”

बातमी तिसऱ्या दिवशी मिळाली. दोघा आजाऱ्यांनी आदल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या गाड्यावर पाणीपुरी खाल्ली होती. तो गाडा चालवणारी बाई मूळची मलकापूरची, बरीच वर्षं तिथंच उभी राहणारी. तिला काही विचारावं असं साडूंना सुचलं नाही. दुसऱ्या सकाळी वाकळांच्या आडून आवाज घुमला, “पाणीपुरीच्या गाड्यापासून सावध, पाणीपुरीच्या गाड्यापासून सावध!” तो भाग ह्या ग्रुपवरून त्या ग्रुपवर असा पळाला की शिरोळहून फोन आले. साडू दिवसभर, सत्कार झाला, फक्त हार तेवढा घालायचा राहिला, अशा चालीनं फिरत होते. गाड्यावर मात्र त्या संध्याकाळी माशीसुद्धा बसली नाही.

चार दिवसांनी ती बाई साडूंच्या घरी आली. मी तेव्हा तिथं चहा घेत होतो. भांडणाच्या तयारीनं साडूंनी खुर्ची मागं ओढली. पण ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, “काका, ज्यास्नी कावीळ झालीया त्यातल्या किती जणांनी माझ्याकडं खाल्लंय, तेवढं इचारून बघा की. मग काय ते बोला.” आणि गेली.

साडू वही घेऊन निघाले. घर न् घर फिरले. त्या दोघांखेरीज एकाही आजाऱ्यानं तिच्याकडची पुरी तोंडात घातली नव्हती. परत आले तर माझी थोरली मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, अंथरुणावर पडलेली. लग्नाच्या पंगतीतसुद्धा घरच्या बाटलीतलं पाणी पिणारी ही बाई, आणि तिचे डोळे पिवळे. साडूंच्या खिशात ते रंगाचं कार्ड होतं. त्यांनी ते काढलं नाही. “अहो,” ती म्हणाली, “मी कधी खाल्ली हो पाणीपुरी?” पुढं दोन दिवसांनी गटाराशेजारी खणल्यावर नळाची जुनी पाइप फुटलेली सापडली. आजारी पडलेल्या सगळ्या घरांना पाणी तिथूनच येत होतं.

साडूंनी लगेच माफीचा भाग केला. चूक शिरोळपर्यंत पोहोचली होती. माफी गल्लीच्या तोंडापर्यंतही गेली नाही. मग रोज संध्याकाळी ते स्वतःच गाड्याशेजारी उभे राहू लागले. काट्यावरचा तो आवाज लावून “माझी चूक झाली, माझी चूक झाली” असं पुकारायचे आणि पित्ताचा त्रास असूनही सगळ्यांदेखत एक प्लेट संपवायचे. लोक आधी त्यांना बघायला थांबले, मग खायला. महिन्याभरात मेव्हणी हिंडूफिरू लागली आणि गाड्यावरही पहिल्यासारखी गर्दी झाली.

अशाच एका संध्याकाळी मी बरोबर होतो. साडूंनी तिला विचारलं, “राग गेला न्हवं आता?”

“राग न्हाय ओ काका,” पुरीला भोक पाडत ती म्हणाली. “तुमची ती बातमी आली, त्याच आठवड्यात मलकापूरला भावाच्या घराची वास्तुशांत होती. तिथंबी समद्यांनी ऐकलंतं. मी वाढायला उठले तर भावजय म्हणाली, तू नुसती बस, वाढू नको.”

साडूंनी हातातली पुरी परत प्लेटमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं मलकापूरला गेले. एकटेच, मायक्रोफोन घरी ठेवून. काय झालं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, “चहा दिला. भाऊ म्हणाला, आमच्या मनात काय न्हाय, दिवाळीला बोलवतो तिला.”

दिवाळीत गाडा दोन दिवस बंद होता. ती जाऊन आली होती. पुढच्या भेटीत मी साडूंना विचारलं, “मग? ह्या वेळी वाढू दिलं का तिला?”

आजाऱ्याच्या पापण्या वर करायला लावणारा हा माणूस खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागला. “इचारलं न्हाय, पावणं,” ते म्हणाले. “भावाकडची करंजी आणून दिली तिनं मला. ती खाल्ली, गपगुमान.”