नॉर्वेच्या बोटीवर माझं नाव

मला हे लिहायला लावलंय. मी चौथी नापास माणूस. सौदीत दम्मामच्या पोर्टवर तीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवली, आता अल-खोबरला मुलाकडे बसून खातो. तर सुनेनं वही आणून पुढ्यात टाकली. "अब्बा, मराठी मंडळाच्या अंकाला तुमचे बोटीवरचे किस्से पाहिजेत." म्हटलं, दर जुम्म्याला समुद्राकाठी कॉर्निशवर चटई टाकली की ऐकताच की! तुम्ही हसता आणि माझा चहा गार होतो. आता छापूनपण गार करायचा?

पण लिहितो, कारण गरज आहे. खोबरला खिडकी कितीही घट्ट लावा, वाळू आत येतेच आणि कोपऱ्यात साठते. गोष्टींचंही तसंच. एकाच्या तोंडातनं दुसऱ्याच्या तोंडात जाते आणि प्रत्येकाची थोडी थोडी थुंकी लागते. आता सगळ्या खोबरात असं झालंय की इब्राहिम चाचा अडाणी, त्यांना पाटी वाचता येईना, म्हणून परदेशी बोटीवर गार्डनं त्यांना धरलं.

धरलं, हे खरं. अडाणी, तेही खरं. मधलं 'म्हणून' तेवढं खोटं आहे!

*

आधी माणसं सांगतो. मी, मुलगा इम्तियाज, सून शबाना. आणि इम्तियाजच्या प्लांटमधला इंजिनियर कुळकर्णी, मूळचा नाशिकचा, बायकोसकट. ईदची सुट्टी होती. खोबरला बाहेर पाय ठेवला तर चप्पल चिकटत होती. तेव्हा ठरलं, थंड देशात जाऊ. विमानानं डेन्मार्क, तिथे एक व्हॅन भाड्यानं, आणि व्हॅनसकट फेरीबोटीच्या पोटात शिरून तीन-चार तासांत नॉर्वे. आठवड्यानं त्याच बोटीनं परत.

सगळा बेत कुळकर्णीनं एक्सेलमध्ये बसवलेला. मी शबानाला वाचून दाखवायला सांगितलं. त्यात एक ओळ होती, 'डेकवर समुद्र बघणे, वीस मिनिटे.'

म्हटलं, "आणि वीस मिनिटांत नाही बघून झाला तर?"

कुळकर्णी अगदी गंभीर. "चाचा, दहा मिनिटं बफर ठेवलाय."

*

बोटीत गाडी घालताना पिवळं जाकीट घातलेल्या बाईनं तिकिटं बघितली आणि म्हणाली, "ताक!"

मी खूश! इकडे बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, लबनची बाटली मिळते, पण तिला आपल्या ताकाची सर नाही. म्हटलं, बघा, थंड देशात पण माणसं रीतीची आहेत, गाडी आत यायच्या आधी ताक विचारतात. वर गेल्यावर मी सरळ कॅन्टीनच्या काउंटरला उभा राहिलो. पोरीनं कॉफी दिली. मी विचारलं, "ताक?"

ती हसून म्हणाली, "ताक!"

मी मान हलवली. "हां, ताक!"

ती म्हणाली, "ताक, ताक!"

मी थांबलो. ताक काही येईना. परत म्हटलं, "ताक?" तर माझ्या मागचा म्हातारापण म्हणाला, "ताक!" मागे ही लांब लाईन, सगळे ताक ताक करतायत आणि एकाच्याही हातात पेला नाही!

शेवटी कुळकर्णी आला. त्यानं फोनवर त्यांच्या भाषेचे दहा धडे केलेले. म्हणाला, "चाचा, ताक म्हणजे थँक यू. तुम्ही पाच मिनिटं तिचे आभार मानताय."

"मग ताक नाही?"

"नाही."

"मग आभार कसले?"

*

आमचं गाव बाणकोटच्या खाडीवर. माझा बाप मचव्यावर तांडेल होता, त्याचा बापही. इम्तियाजनं व्हॅनमध्ये तासभर कुळकर्णीला हेच ऐकवलं. "आमच्या रक्तात दर्या आहे. तुम्ही नाशिकवाले गोळ्या घ्या."

कुळकर्णीनं गोळी घेतली आणि दोन बर्गर खाल्ले. कुळकर्णीच्या बायकोनं आईस्क्रीम खाल्लं. आणि दर्या रक्तात असलेला माझा मुलगा दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी तोंडाला लावून सोफ्यावर आडवा!

मी जवळ जाऊन म्हटलं, "रक्तातला सगळा आला का बाहेर?"

*

त्यांच्याकडचा मासा म्हणून शबानानं एक प्लेट आणली. हेरिंग का काय. मी घास घेतला आणि थांबलो. माशाला साखर! कच्च्या माशाला साखर आणि व्हिनेगार! वर कांदा, म्हणजे पाप झाकायला.

वेटर शेजारीच उभा. तोंडभर हसून विचारतोय, ओके? मी म्हटलं, "शबाना, विचार त्याला, या माशानं तुमचं काय वाकडं केलं होतं?"

शबाना त्याला म्हणाली, "फादर-इन-लॉ लाइक्स इट व्हेरी मच."

गाढवानं दुसरी प्लेट आणली. फुकट!

*

दुपारची नमाज डेकवर पढायची होती. गावाला किबला, म्हणजे मक्केची दिशा, मावळतीला, खोबरलाही मावळतीच्याच बाजूला. जन्मभर मला विचारायची गरज पडली नाही. इथे सूर्यच कुठे आहे ते कळेना, ढगात बसलेला. इम्तियाज पिशवीत तोंड घालून.

कुळकर्णी म्हणाला, "चाचा, मी आहे ना!" फोन काढला, होकायंत्र लावलं, गोल फिरला आणि एका बाजूला जाऊन उभा राहिला. "हा असा हात करतो. मला बाण समजा."

ब्राह्मणाचा पोरगा माझ्यासाठी थंड वाऱ्यात हात लांब करून उभा. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी दिशा बघून घेतली आणि नियत बांधली. थोड्या वेळानं डोळ्याच्या कोपऱ्यातनं दिसलं, बाण हळूहळू सरकतोय. बंदर जवळ आलेलं, बोट वळत होती. मी सलाम फिरवून नमाज संपवली तेव्हा कुळकर्णी माझ्या पाठीमागे, हात तसाच!

म्हटलं, "अरे, किबला कुठे गेली?"

"किबला जागेवर आहे चाचा. बोट फिरली."

"मग तू का हललास?"

"मी किबलेबरोबर होतो!"

तिकडचे दोन गोरे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं काहीतरी कार्यक्रम आहे.

*

आता परतीचा दिवस. तीच बोट. इम्तियाज नवी पिशवी घेऊन सोफ्यावर, शबाना आणि कुळकर्णीची बायको दुकानात. मला घाई लागली. सोबत कुळकर्णी. समोर शेजारी शेजारी दोन दरवाजे, चित्र नाही, नुसती अक्षरं.

इंग्रजी अक्षरं मला येतात. तीस वर्षं कंटेनरवरची एकेक वाचून माल हलवलाय. पहिल्या दारावर वाचलं, डी, ए, एम, ई, आर. म्हटलं, "डामर! ही डामरची, डांबराची खोली. आमच्या मचव्यावर पण डब्यात असायचं, फळ्यांना लावायला. इथे नको जायला."

कुळकर्णी पोट धरून हसला. "चाचा, लोखंडी बोटीला डामर? हे दुसरं दार बघा. एच, ई, आर, आणि पुढे शेपूट. हर! इंग्लिशमध्ये हर म्हणजे तिचं. म्हणजे हा बायकांचा. तुमचा तो पहिला."

म्हटलं, "पुरुषांना डामर म्हणतात?"

"म्हणत असतील. जा बिनधास्त."

तो इंजिनियर, मी चौथी नापास. गेलो.

आत बायका! एक हात धुतेय, एक आरशात लिपस्टिक लावतेय, दोघी बोलत उभ्या. अहो, ज्या काळात खोबरच्या हॉटेलांत बायकामुलांची बाजू वेगळी होती, त्या काळात मी तिकडे नुसती मानसुद्धा वळवली नाही. चुकून वळली तर इकामा, म्हणजे राहायचा परवाना, जाईल ही भीती! मी डोळे गच्च मिटले. डोळे मिटल्यावर दार सापडेना. भिंत चाचपायला गेलो तर हात वाळवायचं मशीन भोंग्यासारखं सुरू झालं. मी ओरडायला लागलो, "सॉरी! माफ करो! आसिफ! आसिफ!" अरबीत आसिफ म्हणजे माफ करा. इतक्या वर्षांत तोच शब्द तोंडात बसलाय.

कुणीतरी दंडाला धरून बाहेर काढलं. डोळे उघडले तर गार्ड. तीपण बाईच, विजेच्या खांबाएवढी. तिनं विचारलं, "नेम?"

मी म्हटलं, "आसिफ! आसिफ!"

तिनं लिहून घेतलं.

मला एका खुर्चीवर बसवलं. मनात म्हटलं, आता बंदरावर पोलीस येणार, माझा व्हिसा जाणार, मागोमाग मुलाची नोकरी, सगळं खलास. तेवढ्यात भोंग्यावरनं पुकारा झाला, "मिस्टर आसिफ" यांच्या घरच्यांनी अमुक ठिकाणी यावं. कोण येणार? शबानानं ऐकला. नंतर म्हणते, "अब्बा, मला वाटलं कुणी पाकिस्तानी असेल!"

आणि कुळकर्णी? कुळकर्णी दहा पावलांवर, कॉफीच्या मशीनपाशी. मी त्याला बघितलं. त्यानं मला बघितलं. गार्ड त्याच्याकडे गेली, माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, मिस्टर आसिफना ओळखता?

कुळकर्णी म्हणाला, "नो. सॉरी."

सॉरी म्हणाला. पण तिला!

शेवटी सोडवलं कोणी, तर त्या लिपस्टिकवाल्या बाईनं. ती स्वतःहून आली आणि गार्डला काहीतरी सांगून स्वतःचे डोळे गच्च मिटून दाखवले, दोन्ही हात पुढे करून भिंत चाचपून दाखवली. गार्ड इतकी हसली की तिला टोपी काढावी लागली. मला पाणी दिलं. मी परत उठून सगळ्यांची माफी मागितली, तिन्ही भाषांत.

व्हॅनमध्ये बसल्यावर मी कुळकर्णीची मानच धरली. म्हटलं, "हरामखोरा, ओळखत नाही म्हणालास?"

तर शांतपणे पट्टा लावत म्हणतो कसा, "चाचा, तिनं आसिफ विचारलं. तुमचं नाव इब्राहिम. मी खोटं कसं बोलणार?"

त्या दिवशी बोटीवर मी चार बायकांची माफी मागितली, गार्डची मागितली, हात वाळवायच्या मशीनचीसुद्धा मागितली. एकाच माणसाकडून माफी यायची बाकी आहे, आणि अंकात ते नाव पूर्ण छापावं: इंजिनियर विवेक कुळकर्णी.