चाचांनी परत केलेला गुण

कोणी पाहत नसताना तुम्ही स्वतःला कधी बाद केलं आहे?

आमच्या व्हॉट्सॲपवरच्या गाण्यांच्या प्रश्नमंजुषेचा नियम एकच आहे: उत्तर आठवायचं, शोधायचं नाही. माझ्या संघात बिबवेवाडीचे एक चष्मेवाले चाचा आहेत. ते आवाजी संदेशातच उत्तर देतात. आधी खाकरतात, मग गायकाचं नाव सांगतात. रविवारी त्यांच्या शेवटच्या उत्तराने सतत हरणारा आमचा संघ पहिल्यांदा जिंकला. लगेच त्यांचा दुसरा संदेश आला, "अहो, हे मी इंटरनेटवर पाहिलं. गुण काढा."

मी चिडून फोन केला. "चाचा, कोणाला कळलं असतं?"

"आता सगळ्यांना कळलंय. ठेवू फोन?"

आम्ही हरलो. तरी हे चाचा आमच्या संघातले, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. तुम्हीही उत्तर शोधलं असेल, तर आजच गटात कबूल करा.