बॅटरीवरचं नारळपाणी

माझ्या सासऱ्यांशी माझं कधी पटलं नाही आणि पटवून घ्यावं असं मला कधी वाटलंही नाही. त्यांना मी मामा म्हणते, तेवढाच आमच्यातला ओलावा. त्यांची हयात उसाच्या ट्रकवर गेली, त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूतलं मला काही कळणार नाही, हे त्यांनी ठरवून टाकलेलं. नवरा पुण्याला कंपनीत. श्रीगोंद्याजवळच्या वस्तीवर आमचं घर आणि दारात एक जुनी गाडी. चालवायची मी, अक्कल मामांची.

गाडी हौसेची नव्हती. सासूबाईंच्या, म्हणजे आत्यांच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला नगरला न्यावं लागे. एक खेप चुकली की अंगात पाणी साठायचं आणि श्वास पुरायचा नाही.

मामा दर अमावास्येला गाडीची पूजा करत. सगळेच करतात, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण लोक नारळ चाकापाशी फोडतात. मामा बॉनेट उघडून नारळाचं पाणी थेट बॅटरीवर ओतायचे, वर हळदीकुंकवाची चिमूट. गाडीचा जीव बॅटरीत, म्हणून मान तिचा. त्या पाण्यानं टर्मिनल खराब होतात, असं मी एकदा सांगून पाहिलं. मी ट्रक चालवत होतो तेव्हा तू पाळण्यात होतीस, म्हणाले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण त्यासाठी समोरचा शहाणा लागतो. मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी आत्यांना मागच्या सीटवर बसवलं, किल्ली फिरवली आणि नुसतं टक् झालं. बॉनेट उघडलं तर दोन्ही टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी, आणि प्लसची वायर धरणारा क्लॅम्प झिजून झिजून तुटलेला. लग्नसराई असल्यानं वस्तीवरच्या बाकीच्या दोन्ही गाड्या वऱ्हाडात गेलेल्या. मामांनी धक्का मारून पाहिला, मग बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं, असं आत्यांना ऐकवलं.

मी पान्हा घेतला. आधी मायनस सोडलं, मग प्लस, आणि बॅटरी स्कूटीवर पायांशी ठेवून श्रीगोंद्याला गेले. दुकानदारानं ती तपासून निकामी म्हणून बाजूला ठेवली. नवी बॅटरी आणि नवा क्लॅम्प घेऊन परत आले. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं वायरींची टोकं घासली, पुसून कोरडी केली. जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी, आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. मामा ओट्यावर बसून बघत होते. गाडी सुरू झाली तेव्हा बारा वाजून गेलेले. दवाखान्यातून फोनवर सांगितलं, मशीनवर दुसरा पेशंट घेतलाय, उद्या या.

आत्यांनी तो दिवस आणि ती रात्र भिंतीला टेकून काढली. आडवं झालं की घुसमटायच्या.

दुसऱ्या दिवशी नगरहून परत आल्यावर मी मामांना म्हणाले, "आत्यांची कालची खेप तुमच्या नारळानं चुकवली." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यासमोर मान खाली घातली. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मग मी कुठली थांबते? दोन महिन्यांपासून टर्मिनलवर पांढरं धरतंय हे मी रोज बघत होते, तेही सुनावलं.

आत्या खाटेवर होत्या. माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "तुला दिसत हुतं, तर का न्हाई पुसलंस?"

सोडा घरात होता, ब्रश होता, पाच मिनिटांचं काम होतं. पण मला मामांना तोंडघशी पाडायचं होतं, म्हणून मी ती बुरशी वाढू दिली. आत्यांना ते न सांगताच कळलं होतं. त्यांनी दोन घोट पाणी मागितलं, ते मामांकडे.