खारपाणातून द्वारकेला: आगबोटीवर नेलेल्या तीन घागरी

अकोटच्या बाजारात सरकी घ्यायला गेलो की कोणी ना कोणी मला गाठतोच. आगबोट कशी असते, ओकारी होते का, बायकामाणसांना नेता येतं का, एक ना दोन! अर्धा दिवस त्यातच जातो आणि सरकी राहते तिथेच. म्हणून एकदाचं कागदावर उतरवतो आहे. ज्याला जायचं आहे त्याने वाचावं, वाचता येत नसेल त्याने वाचून घ्यावं आणि मला माझं काम करू द्यावं.

जायचं कारण होतं माझी आत्या. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन ती माहेरी आली आणि माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मी सात वर्षांचा असताना गावात पटकी आली. एका घरातून दोन-दोन माणसं उचलली जात होती. मीही हातपाय गार करून पडलो होतो. तेव्हा आत्याने द्वारकेच्या देवाला नवस बोलला: पोर वाचलं तर तुझ्या पायाशी येईन, आणि घर सोडल्यापासून दर्शनापर्यंत आमच्या विहिरीच्या पाण्याशिवाय दुसरं पाणी ओठाला लावणार नाही. मी वाचलो. नवस मात्र तसाच राहिला, कारण पायी द्वारकेला जायचं तर घागरी वाहायला बैलांचा तांडाच लागला असता. नवस मोडला तर देव दिलेलं परत नेतो, म्हणजे मला नेतो, हे आत्याच्या मनात अगदी पक्कं. मला साधा खोकला झाला तरी ती द्वारकेकडे तोंड करून हात जोडायची.

मग अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस यायचा बंद झाला आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. अमरावतीच्या पेठेत पूर्वी आम्ही व्यापाऱ्याच्या ओट्याखाली उभे राहायचो. आता व्यापारीच वेशीबाहेर येऊन आमच्या गाड्या अडवू लागले. शेगावापर्यंत आगगाडी आली, आणि मुंबईहून काठेवाडाकडे आगबोटी जातात हेही कानावर आलं. मी त्याच आठवड्यात घरी येऊन सांगून टाकलं, "आत्या, चाल. चैत्रात निघू."

"पाण्याचं कसं करशीन?" तिने पहिलं हेच विचारलं.

"ते माह्याकडं लागलं," मी म्हटलं.

आता पाण्याचं थोडं सांगायला हवं. आमचं गाव पूर्णेकाठी, खारपाणात. विहिरी सगळ्या खाऱ्या. पाहुणा आला की पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करतो. आम्हाला उलट अकोटचं गोड पाणी मचूळ, बेचव लागतं, प्यायलो तरी प्यायल्यासारखं वाटत नाही. माझा हिशोब सरळ होता. दोन दिवस गाडी, एक दिवस मुंबई, दोन दिवस बोट. तांब्याच्या तीन मोठ्या घागरी विहिरीवर भरल्या, तोंडाला फडकं बांधून वरून चिकणमाती लिंपली. आत्या एकटीच त्यातलं पिणार, मी वाटेत मिळेल ते पिणार. शिवाय आपलं पाणी खारं, ते उन्हात नासत नाही, हा माझा खास शोध होता आणि मी तो गावभर सांगितलाही.

शेगावापर्यंत बैलगाडीने पहाटे निघावं, दुपारी बैल सोडावेत, आणि वाटेत कडबा विकत मिळेल या भरवशावर राहू नये. त्या वर्षी जो तो कापूस वाहत होता, कडबा शोधून सापडत नव्हता. आगगाडीत बाक थोडे आणि माणसं फार, म्हणून चढल्याबरोबर खिडकीची जागा धरावी. आत्याने खिडकी धरली नाही. तिने एक घागर मांडीशी घेतली, दुसऱ्या दोन पायांशी ठेवल्या, आणि भुसावळपर्यंत कोणाला पाय लांब करू दिला नाही. एका गृहस्थाने विचारलं, "काय तूप नेता का, बाई?"

"पानी हाय," आत्या म्हणाली.

"इतकं जपून? कुठलं, गंगेचं?"

"आमच्या हिरीचं."

त्या गृहस्थाने पाय आणखी आखडून घेतले.

मुंबईत धर्मशाळेत उतरलो. बंदराजवळ कापसाच्या गाठींच्या अशा थप्प्या होत्या की त्यांच्या मधून गल्ल्या पडल्या होत्या. आत्याने जाता जाता एका फाटक्या गाठीतून चिमूटभर कापूस ओढला, दोन बोटांत ताणून पाहिला आणि म्हणाली, "आखूड हाय. आपल्याकडचा नाही." मुंबई पाहिली का, असं आता कोणी विचारलं की ती हेच सांगते.

तिकिटाची गोष्ट नीट ध्यानात ठेवा. बंदरावर टोपी घालून फिरणारे दलाल "आजच बोट, उद्या नाही" असं ओरडतात. त्यांच्या नादी लागू नका, कचेरीत जाऊन स्वतः तिकीट काढा. डेकचं, म्हणजे उघड्या तक्तपोशीवरचं तिकीट आपल्याला पुरे. त्या वर्षीच्या भावात एक मण कापसाने दोघांचं जाणं-येणं निघालं. धक्क्यापासून बोटीपर्यंत पडावातून, म्हणजे लहान होडीतून नेतात आणि वर चढायला दोराची शिडी असते, तेव्हा बायकांनी नऊवारीचा काचा घट्ट मारावा. वर गेल्यावर धुरांड्याजवळ बसू नका, कोळशाची काजळी पडते. कडेलाही नको, उडतं पाणी भिजवतं. मधोमध जागा धरा, तिथे हेलकावे कमी. चटई, एक दोर, चार लिंबं आणि डोक्यावर बांधायला जाड फडकं एवढं हवंच. दोर कशाला, असं मला निघताना सगळ्यांनी विचारलं होतं. घागरी खुंटीला बांधल्या तेव्हा शेजारचे लोक आपापली भांडी धरून बसले होते.

आगबोट सुटली तेव्हा मला भीती वाटली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मौज वाटली. एवढं मोठं लोखंड पाण्यावर चालतं, आणि आपण त्यावर चटई टाकून लाडू खातो आहोत! आत्या मात्र किनारा दिसेनासा झाल्यावर डोळे मिटून बसली. संध्याकाळी तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. लिंबू दिलं, थोडं बरं वाटलं, की ती तांब्याभर पाणी प्यायची आणि थोड्या वेळाने पुन्हा मागायची.

दुसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की तक्तपोशीवर पाय ठरेना. आमच्याजवळ दशम्या होत्या, भाजलेले चणे होते, आणि सगळ्याला मीठ चांगलंच होतं. पोटात काही ठरत नाही, वर खारं खाणं आणि त्यावर खारं पाणी. जितकं प्यावं तितकी तहान वाढत होती. घरी सावलीत बसून जे पाणी गोड लागतं, ते तिथे तहान भागवीना. संध्याकाळपर्यंत दुसरी घागर पालथी झाली. मी म्हटलं, हरकत नाही, उद्या द्वारका.

उद्या द्वारका आली. देवळाचं शिखर डोळ्यांना दिसत होतं. पण वारा असा सुटला होता की किनाऱ्यावरून एकही होडी येईना, आणि होडीशिवाय उतरणार कसं? आगबोट दूर समुद्रात नांगर टाकून हलत राहिली. दुपारी तिसरी घागर संपली. आत्याने ती स्वतः तांब्यावर पालथी करून पाहिली.

"आता दर्शन झाल्यावरच," ती म्हणाली आणि चटईवर आडवी झाली.

वारा थांबला नाही. दिवस कलला तसे तिचे ओठ पांढरे पडले, जीभ जड झाली. मी दोनदा म्हटलं, "आत्या, बोटीवरचं घे. देव समजून घेईन."

"तुह्यासाठी बोलली मी नवस," ती डोळे न उघडता म्हणाली. "तू वाचला पाह्यजे. मी पिकलं पान हाव."

आम्हाला पाहत एक खलाशी बराच वेळ दोर गुंडाळत बसला होता. रत्नागिरीकडचा मुसलमान, दाढी पिकलेली. तो जवळ आला, रिकाम्या घागरीत बोट फिरवून त्याने जिभेला लावलं आणि माझ्याकडे पाहतच राहिला.

"काय रे बाबा, दर्यावर येताना खारं पाणी भरून आणलंस?"

"आमचं तसंच असतं," मी म्हटलं.

"मग तहान कशी जाणार? हे पाणी नाही, हे तहानेला खतपाणी! म्हातारीला गोडं पाणी दे. उद्या वारा पडेल, पण उद्यापर्यंत ही तग धरेलसं मला दिसत नाही."

मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं की माझा सगळा हिशोब चुकला होता. गावभर मिरवलेला शोध म्हणजे शुद्ध मूर्खपणा होता. आणि ज्या बाईने मला यमाच्या दारातून ओढून आणलं, तिला मी माझ्या शहाणपणाने मारत होतो. मी त्या खलाशापुढे लहान पोरासारखा रडलो. लाज वाटली नाही.

त्याने बोटीच्या टाकीतलं पाणी माझ्या घागरीत ओतलं. जातीचं म्हणाल तर तो विचार मनात आलाच नाही. भीती होती ती नवसाची. मी आत्याच्या नजरेआड, पाठ करून बसलो, शिदोरीतलं मीठ काढलं आणि एकेक चिमूट टाकून चाखत गेलो. घरच्या विहिरीची चव जिभेवर होतीच. जरा कमी वाटलं तेव्हा आणखी थोडं टाकलं. फार नाही, तहान वाढू नये इतकं जपून. मग तांब्या भरून तिच्याकडे गेलो.

"आत्या, घागरीच्या तळाले उरलं होतं आपलं."

तिने डोळे उघडले. आधी तांब्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. बराच वेळ पाहिलं. मग उठून बसली आणि सगळा तांब्या घटाघटा प्याली.

"आन अजून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. होड्या आल्या, आम्ही उतरलो. गोमतीत स्नान करून देवळात गेलो. आत्या देवासमोर उभी राहिली ती इतका वेळ, की मागचे लोक कुरकुर करू लागले. तिचे ओठ हलत होते, पण मला काही ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर तिने तिथल्या विहिरीचं पाणी पोटभर घेतलं आणि म्हणाली, "मचूळ हाय." मी हसलो. माझ्या मते सगळं नीट पार पडलं होतं.

येतानाचा प्रवास सुखाचा झाला. गोडं पाणी वाटेल तितकं, लिंबं द्वारकेहून निघतानाच जास्त घेतलेली, ओकारी नाही. तुम्हाला सांगतो, आगबोटीचा प्रवास करावा तर असा करावा.

घरी यात्रेचं मावंदं झालं, पंगती उठल्या. मी गावभर सांगत सुटलो की आमच्या आत्याने द्वारकेपर्यंत दुसऱ्या पाण्याचा थेंब घेतला नाही. महिनाभर सांगत होतो. एके दिवशी अकोटचे दोन पाहुणे ओसरीवर बसले होते, त्यांच्यापुढे माझी तीच गोष्ट रंगात आली होती, तेवढ्यात आत्याने आतून हाक मारली. मी आत गेलो.

"कितींदा सांगून राहिला ते खोटं?" तिने हळूच विचारलं.

मी दार ओढून घेतलं. "तुले ठाऊक होतं?"

"अरे, साठ वर्षं मी त्या हिरीचं पानी पेली. खारपाणाचं खारं येगळं अन् मिठाचं खारं येगळं. पहिल्या घोटालेच समजलं."

"मंग पेली काहून?"

ती निवडत असलेली तूर सुपात इकडून तिकडे करत राहिली. "तू घाबरला होता. पटकीत पडला होता तवाबी तुले इतका घाबरलेला मी पाह्यला नव्हता. माह्यानं पाह्यलं गेलं नाही."

"अन् नवस?"

"देवाले सांगून आली. म्हणलं, नवस मी बोलली, मोडला बी मीनंच. पोराले हात लावू नको. काय न्यायचं ते माह्यं ने." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "तो काही बोलला नाही."

पाहुण्यांना मी त्या दिवशी खरं सांगितलं नाही. आज इथे लिहितो आहे. गावात ज्याला जे बोलायचं ते बोलू दे. आत्याला विचारूनच लिहितो आहे. द्वारकेला जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की पाणी गोडं न्या, जास्तीचं न्या, आणि बरोबरच्या म्हाताऱ्या माणसाने कशाच्या भीतीने काय धरून ठेवलं आहे ते निघण्याआधी नीट विचारून घ्या. मी फक्त घागरी मोजल्या होत्या.

आत्या देवाशी सगळं बोलून मोकळी झाली आहे, असं तिचं म्हणणं. पण द्वारकेहून आल्यापासून रोज पहाटे, जात्यावर बसायच्या आधी, ती माझ्या खाटेपाशी येते. वाकून माझ्या नाकाशी हात धरते आणि हाताला श्वास जाणवेपर्यंत तशीच उभी राहते. तिला वाटतं मी झोपेत असतो. मी जागाच असतो. तिला फार वेळ उभं राहावं लागू नये म्हणून जोराने श्वास सोडतो.